चाकं नसलेले बैल

तान्ह्या पोळ्यासाठी मी लाकडाचे बैल केले आणि त्यांना चाकं लावली नाहीत.

विसरलो असतो तर निदान लोकांना दया आली असती. मी मुद्दाम लावली नाहीत. आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या कुठल्याही लेकराला विचारा, तान्ह्या पोळ्याच्या बैलाला काय काय लागतं? ते आधी चाकं सांगेल, मग दोरी, मग शिंगं. बैल त्यानंतर येतो. पोळा खऱ्या बैलांचा, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरांचा तान्हा पोळा, लाकडी बैलांचा. पोरं-पोरी नटूनथटून आपापला बैल दोरीनं ओढत देवळासमोरच्या तोरणाखालून नेतात आणि मग घरोघर फिरवतात. घरची बाई बैलाला कुंकू लावते, पुरणपोळीचा तुकडा त्याच्या तोंडाशी धरते आणि लेकराच्या हातावर बोजारा ठेवते, म्हणजे थोडी चिल्लर, नाहीतर चॉकलेट. सगळा सण ओढण्याचा आहे. मी स्वतः सेलूच्या गल्ल्यांमधून एका हातानं चड्डी आणि दुसऱ्या हातानं दोरी सांभाळत असा बैल ओढलेला आहे. तरी मी ओढता न येणारे बैल केले, आणि वर त्याचं कारणही लोकांना समजावून सांगितलं.

त्याआधी मी पुण्यात एका कंपनीत होतो. काम सॉफ्टवेअर तपासायचं. म्हणजे दुसऱ्यानं डोकं शिणवून काहीतरी बनवायचं आणि मी चहाचा कप घेऊन बसून त्यातल्या चुका काढायच्या. या कामात मी फार हुशार होतो. माझ्या आईला हे काम काय आहे ते शेवटपर्यंत पटलं नाही. शेजारणींना ती सांगायची, "लोकायच्या कामात खोट काढते दिवसभर, अन् त्याचा पगार भेटते त्याले. घरी फुकट काढे."

घरून काम करायचे दिवस आले तेव्हा मी एक गोल फिरणारी खुर्ची घेतली. काळी, जाळीच्या पाठीची, खाली पाच चाकं. आणि त्याच दिवसांत शेजारच्या इमारतीतल्या एका गृहस्थांकडे शनिवारी लाकूडकाम शिकायला जाऊ लागलो. पहिल्यांदा चमचा केला. मग पक्षी. पक्षी मी खोलीतल्या मित्राच्या टेबलावर ठेवला, तर तो बराच वेळ बघून म्हणाला, "बूट मस्त जमलाय. दुसऱ्या पायाचा कधी करतोस?"

तरी नाद सुटला नाही. उलट वाढला. मिटिंग चालू असताना टेबलाखाली मी कानशीनं लाकूड घासत बसायचो. एकदा माईक बंद करायचा राहिला. सगळ्यांना खरखर ऐकू यायला लागली. साहेब म्हणाले, लाईनमध्ये काहीतरी बिघाड आहे, कोणाकडून येतोय शोधा. बिघाड शोधायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी दोन-तीन मिटिंगा तो शोधला. शोधताना घासत होतोच. शेवटी एका मुलीनं माझ्या स्क्रीनवर लाकडाचा भुसा उडताना पाहिला, आणि माझ्या हातून माझीच चूक सापडायची राहिली ती राहिलीच.

राजीनामा दिला तेव्हा साहेबांनी विचारलं, "दुसरीकडून चांगली ऑफर आली का?"

"नाही सर. लाकडाचे बैल करणार आहे."

ते माणूस म्हणून चांगले होते, त्यामुळे हसले नाहीत. कॅलेंडरकडे पाहत म्हणाले, "कधीपर्यंत?"

मी म्हणालो, तान्हा पोळा गणपतीच्या दोन-तीन दिवस आधी असतो. तर म्हणाले, "तोपर्यंत तुझी जागा भरत नाही. पोळा झाला की फोन कर." मला तेव्हा तो अपमान वाटला. आता वाटतं, माझ्याबद्दल एवढा जवळजवळ बरोबर अंदाज बांधणारा माणूस पुन्हा भेटला नाही.

घरी आलो तो ट्रॅव्हल्सच्या टपावर खुर्ची बांधून. बाबा फाटकात उभे. तहसील कचेरीतून कारकून म्हणून रिटायर झालेले, त्यामुळे कुठलाही कागद आणि कुठलाही माणूस आधी उलटसुलट करून बघायची सवय. त्यांनी मला पाहिलं, मग खुर्चीला पाहिलं, मग पुन्हा मला.

"खुर्ची काऊन आणली बे?"

"नोकरी सोडली, बाबा."

"थे समजलं. खुर्ची काऊन आणली?"

बाबांनी खुर्ची उचलून ओट्यावर ठेवली, बसले, एक गिरकी घेतली, पेपर उघडला. त्या दिवसापासून ती खुर्ची त्यांची झाली. गेटकडे कोणी आलं की पाय टेकवून अर्धं वळायचं, आणि गेलं की परत पेपराकडे. आई म्हणायची, "तुमाले रिटायर झाल्यावर प्रमोशन भेटलं."

जेवताना बाबांनी अट घातली. आवाज न चढवता, अर्जावर शेरा मारावा तशी. "तान्हा पोळा होऊ दे. लोकायनं तुहे बैल नेले त राह्य इथं, कर काय करतं ते. नाई नेले त तुह्या त्या साहेबाले फोन लावजो. मंग माह्याजवळ रडू नोको."

"नेतील," मी म्हणालो.

"पाहू."

आणि मग त्यांनी माझ्याबद्दल कोणाला काही सांगितलं नाही. बस स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर त्यांची संध्याकाळची बैठक असायची. तिथं कोणी विचारलं, पोरगा दिसते घरी, तर म्हणायचे, "सुट्टीवर आला." पुढच्या महिन्यात कोणी विचारलं तर, "सुट्टी वाढवली." त्यावर एक रिटायर कंडक्टर म्हणाले, "कंपनी लय चांगली दिसते. आमाले त बापू, मयतीलेबी इतकी सुट्टी नोयती." हे मला बाबांनी नाही सांगितलं. टपरीवाल्यानं सांगितलं. बाबा मला टपरीवर नेत नव्हते. लहानपणी रोज न्यायचे, बशीत चहा ओतून द्यायचे. आता संध्याकाळ झाली की चप्पल घालायचे, माझ्याकडे न बघता फाटक लावायचे. नोकरी सोडल्याचं मला एरवी काही वाटलं नाही, पण त्या फाटकाच्या कडीचा आवाज झाला की वाटायचं, आजचा दिवस गेला आणि आपण अजून सुट्टीवरच आहोत.

काम मी घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये करायचो. तिथं बाबांची जुनी स्कूटर उभी असायची. तिच्या सीटवर पटाशा मांडायच्या, हँडलला करवत लटकवायची. सागाचे तुकडे लाकूड कापायच्या आरा मशीनवरून आणायचो. आईनं पहिल्याच आठवड्यात माळ्यावरून माझा लहानपणीचा बैल काढून समोर ठेवला. "हा पाय, अन् असेच कर. जास्त डोस्कं चालवू नोको."

तो बैल आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एका सुतारानं केलेला. माणूस केव्हाच गेला. बैलाचा लाल रंग उडालेला, एक शिंग अर्धं, एक चाक गायब. तो जेव्हा चालायचा तेव्हा त्याच्या चाकांतून कुर्र-कट, कुर्र-कट असा आवाज यायचा. त्या आवाजावरून काकू लोक स्वयंपाकघरातूनच ओळखायच्या की अमक्याचा पोट्टा आला, आणि कुंकवाचा करंडा घेऊन दारात यायच्या. एका वर्षी बाबांनी हौसेनं चाकांना तेल घातलं, तर मी दारोदार उभा राहिलो आणि कोणी बाहेरच येईना. मग मी माती आणून चाकांत भरली.

हे सगळं मला आठवत होतं. आणि तरीही त्या बैलाकडे बघून मी काय केलं, तर त्यातल्या चुका काढल्या. मान जाड आहे. पाय टेबलासारखे. वशिंड मागं सरकलंय. नजर नाही. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं, पण चालते ना?"

खरा बैल कसा असतो ते पाहायला मी आंजीला मामाकडे गेलो. मामाची जोडी गोठ्यात रवंथ करत उभी. मी टेप काढला आणि खांद्यापासून शेपटीपर्यंत माप घ्यायला लागलो. मामा मागून बघत होता. शेवटी म्हणाला, "शेरवानी शिवून राह्यला काय भाचे त्याले?" बैलानं शेपटी मारली, टेप गोळा होऊन माझ्या बोटावर आला आणि मी किंचाळलो. मामाचं घर अजून त्या किंचाळण्याची नक्कल करतं. दुसऱ्या वेळी पवनारला धाम नदीच्या दगडांवर चित्राची वही घेऊन बसलो, की पाणी प्यायला बैल येतील, चालतानाचा बैल रेखाटू. दुपारभर नुसत्या म्हशी आल्या. मी त्याच काढल्या. म्हशी सुंदर आल्या हे मात्र नमूद करतो.

तर असं सगळं करून माझ्या डोक्यात बैल तयार झाला. चालता बैल. मान किंचित वळलेली, आणि पुढचा एक पाय उचललेला. नीट ऐका. उचललेला. म्हणजे बैल तीन पायांवर उभा. शेडमध्ये स्कूटरच्या सीटवर तो ठेवला की खरंच आता पुढं पाऊल टाकेल असं वाटायचं. सीट सपाट होती, हा मुद्दा मी ध्यानात घेतला नाही.

आई बघायला आली. "चाकं?"

"आई, बैलाला चाकं असतात का?"

"लाकडाच्या बैलाले असतेत."

"चाकं लावली की ती गाडी होते. मला बैलाचं चालणं दाखवायचंय."

"लेकरू काय दाखवीन मंग?"

मी तिला आकार, तोल आणि गती यावर बोललो. तोलावर जरा जास्तच बोललो. तिनं पदरानं बैलावरचा भुसा पुसला आणि जाता जाता म्हणाली, "छान झाला. पण याले उचलून न्या लागन. आजारी बैलबी आपल्या पायानं जाते."

पोळ्याच्या आधीच्या आठवडी बाजारात मी चादर अंथरून बैल मांडले. गर्दी झाली. खोटं का बोला, कौतुक भरपूर झालं. एका म्हाताऱ्यानं हातात घेऊन वशिंडावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "सागाचा हाय. चाकं अलग भेटतेत काय?" मी म्हणालो, याला चाकं नाहीत. तो म्हणाला, "बरं, बरं," जसं काही मी घरातल्या आजारपणाची गोष्ट सांगितली, आणि हळूच बैल खाली ठेवला. वर्ध्याहून आलेल्या एका मास्तरीणबाईंनी फोटो काढले आणि विचारलं, भिंतीवर लावायला काही आहे का. पलीकडच्या दुकानात रंगवलेले, टेबलासारख्या पायांचे, चाकांचे बैल रांगेनं जात होते. पोरं ते घेऊन तिथूनच ओढत निघायची. माझ्या चादरीवरून सुद्धा दोघांनी तिथले बैल ओढत नेले.

एक बैल गेला. समोरच्या घरातल्या काकूंनी आपल्या नातीसाठी नेला. नात दुसरीत, दोन वेण्या, पुढचे दात पडलेले. काकूंना आईनं पाठवलं होतं हे मला त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

संध्याकाळी बाबांनी ओट्यावरच्या खुर्चीतून विचारलं, "नेले?"

"एक गेला. समोरच्या काकूंनी नेला."

"शेजारीण लोकात मोडत नाई." ते अर्धे वळले, पेपराकडे. "उद्या पोळा. परवा तान्हा. मंग साहेबाले फोन."

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी देवळासमोर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. उताराचा सिमेंट रस्ता, त्याच्या तळाला तोरण, तोरणापलीकडे परीक्षकांचं टेबल. परीक्षकांत बाबा. कचेरीतून रिटायर झालेल्या माणसाला आमच्याकडे परीक्षक करतातच, त्याला कागदावर मार्क नीट मांडता येतात म्हणून. पोरं रांगेत. कोणी धोतर-फेट्यात, कोणी नऊवारीत, एक जण पोलीस. बैलांना झुली, बाशिंगं, घुंगरं. माईकवर गल्लीतला एक दादा.

काकूंची नात रांगेत मधे होती. माझ्या बैलाला तिनं काकूंच्या ब्लाऊजपीसची झूल केली होती, शिंगांना लाल रिबिनी. बैल त्या रांगेत सगळ्यात देखणा होता, हे मी आजही कोणाच्याही तोंडावर सांगेन. तिचा नंबर आला. तिनं दोरी ओढली. बैल हातभर घसरला, उचललेल्या पायाच्या बाजूला कलला आणि आडवा झाला.

"झोपला," पोलीस म्हणाला.

तिनं तो उभा केला, पुन्हा ओढलं. पुन्हा आडवा. कान तुटून उडाला. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "पाणी पाजा बाप्पा त्याले, उन्हाचा आला असन." लोक हसायला लागले. नातीनं बैल उचलून छातीशी धरला आणि चालायला लागली, तर माईकवरचा दादा म्हणाला, "ताई, उचलून नाई चालत. बैल आपल्या पायानं गेला पाहिजे तोरणातून. नाई त बाजूले होय बेटा."

ती बाजूला झाली. रडली नाही. तिनं गर्दीत मला शोधलं आणि बघत राहिली. त्या टेबलामागून बाबाही बघत होते. पण बाबांच्या बघण्याची मला सवय होती. त्या पोरीच्या नव्हती.

मी माईकवाल्या दादाला म्हणालो, "हिचा नंबर शेवटी घे. आलोच." बैल घेतला आणि घराकडे पळालो.

पळताना डोक्यात एकच, चाकं. बाजार उठलेला, दुकानं बंद. घरात चाकं कुठं? फाटकातून शिरलो तर समोर ओट्यावर बाबांची खुर्ची. पाच चाकांची. मी तिला उलटी केली आणि चाकं उपटली. ती जोर लावला की निघतात, खाली लोखंडी दांडा असतो. आता दांडे बसवायला लाकडी फळी हवी. स्वयंपाकघरात आई भजी तळत होती. भिंतीला पाट उभा होता.

"तो माह्या लग्नातला हाय," आई झारा हातात घेऊन म्हणाली.

"आई, ती पोरगी तिथं उभी आहे."

आईनं झाऱ्यातली भजी निथळू दिली, मग म्हणाली, "बाजूचा घे. तो पाहुण्यायचा हाय. भोकं नीट पाडजो."

ड्रिलनं पाटाला चार भोकं पाडली, चार दांडे ठोकले, बैलाचे तीन पाय खालून स्क्रूनं आवळले. पाचवं चाक ओट्यावर राहिलं. बैल पाटावर आरूढ झाला. हातानं ढकलून पाहिला तर असा सरकला की मी स्वतःवर खूश झालो. ऑफिसात फरशीवर खुर्ची सरकायची तसा, आवाजही नाही. चुका काढायचा माझा इतक्या वर्षांचा धंदा. पण ही चाकं कशी फिरतात याकडे माझं लक्षच गेलं नाही.

परत गेलो तेव्हा रांग संपत आली होती. दादानं वेळ काढायला पोरांना झडत्या म्हणायला लावल्या होत्या, पोळ्याला तोरणापाशी म्हणतात ती गाणी. नातीनं बैल पाहिला, पाट पाहिला, चाकं पाहिली. काही न विचारता दोरी घेतली.

पहिल्या ओढीला बैल सुळकन आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या ओढीला तो तिच्या बाजूला आला. खुर्चीची चाकं ती, जिकडं नेऊ तिकडं नाही, जिकडं वाटेल तिकडं वळणारी. आणि रस्ता उताराचा. तिसऱ्या ओढीला बैलानं तिला मागं टाकलं, अर्धी गिरकी घेतली, तोंड आमच्याकडे केलं आणि शेपटी पुढं करून, ती दोरी धरून मागं पळतेय अशा अवस्थेत, थाटात तोरणाखालून उलटा निघून गेला. थांबला तो परीक्षकांच्या टेबलाला धडकून. बाबांच्या पायाशी.

माईकवरचा दादा म्हणाला, "बैल आपल्या पायानं गेला हाय. कोणीकडून जा, असं नियमात नाई." त्यानंतर जे हसणं उठलं ते मी अजून अधूनमधून ऐकतो, बाजारात वगैरे. सगळ्यात मोठ्यानं ती नात हसत होती, दात नसलेलं तोंड उघडून, पोटाला धरून. बाबा खाली वाकले, त्यांनी चाक बोटानं फिरवून पाहिलं. ओळखलं. वर बघितलं नाही.

बक्षीस तिला नाही मिळालं. ते एका साध्या लाल बैलाला गेलं, टेबलासारख्या पायांच्या, आणि बरोबरच होतं. पण बक्षिसाकडे कोणाचं लक्ष नव्हतं. पोरं तिच्याभोवती. "मले ओढू दे ना एक वेळ." "गोल फिरव ना." ती बोजारा मागायला निघाली तर तिच्यामागं अर्धी गल्ली. मी जरा अंतर ठेवून चालत होतो. ज्या दारांवर मी कुर्र-कट करत उभा राहायचो, त्यातली काही दारं आता बदलली आहेत, ग्रील लागल्यात, एक-दोन घरांतल्या काकू आता नाहीत. पण जी होती ती उघडली. माझा बैल आवाज करत नव्हता, पोरांचा कालवाच एवढा होता. एका काकूंनी बैलाला कुंकू लावायला हात पुढं केला तर बैल वळला आणि त्यांनी शेपटीला कुंकू लावलं. मग म्हणाल्या, "असू दे. हा कोन्त्याबी बाजूनं बैलच हाय."

घरी आलो तर बाबा ओट्यावर खुर्चीत बसलेले. चाकांशिवाय खुर्ची बरीच खाली गेली होती, त्यांचे गुडघे छातीशी आलेले. त्यांनी गिरकी घ्यायचा प्रयत्न केला, खुर्चीचे लोखंडी पाय फरशीवर किरकिरले. पेपर मात्र तसाच धरलेला.

"बाबा, नवीन चाकं आणतो."

"मंग बोलू," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फाटकात लोक आले. मी बाहेर धावलो, वाटलं बैल न्यायला आले. सगळ्यांच्या हातात आपापले बैल होते. कोणाचा लाल, कोणाचा पिवळा, पोलिसाचाही होता. म्हणाले, "याले तसे चाकं लावून द्या ना, भाऊ. थे गोल फिरणारे." मी माझे बैल दाखवले. त्यांनी बघितले, छान आहेत म्हणाले, आणि पुन्हा चाकांचं विचारलं. शेवटी एक जण म्हणाला, पुढच्या वर्षी तुमचाच बैल घेऊ, पण तो पाय खाली ठेवा. दुसरा म्हणाला, मलाही. मी प्रत्येकाला हो म्हणालो. हे लोकांत मोडतं की नाही, हे मात्र मला ठरवता येत नव्हतं. बाबा आत दाढी करत होते, पण त्या दिवशी दाढी फार वेळ चालली.

दुपारी साहेबांचा फोन आला. मी तो शेडमध्ये नेला, पण उचलला नाही, नुसता हातात धरून बसलो. स्कूटर, पटाशा, माळ्यावरून काढलेला जुना बैल समोर. पुण्याची ती खोली आठवली, खिडकीतून दिसणारी एकाच रंगाच्या इमारतींची रांग, मित्र, चहा, आणि महिन्याच्या शेवटी येणारा तो छोटासा मेसेजचा आवाज. हे सगळं चांगलंच होतं. वाईट असतं तर सोपं झालं असतं. फोन वाजून थांबला. लोकांनी बैल नेले की नाही, हे अटीप्रमाणे बाबांनीच ठरवायचं होतं, म्हणून मी थांबलो.

संध्याकाळी बाबांनी चप्पल घातली. फाटकाशी गेले. कडी काढली. आणि मागं न वळता म्हणाले, "येतं काय?"

टपरीवर मी बऱ्याच वर्षांनी गेलो. आता बाबांचे गुडघे साथ देत नाहीत, त्यांचा चहा घरीच होतो, म्हणून ती संध्याकाळ जास्त आठवते. बाकावर ते बसले, मी शेजारी. बाबांनी सवयीनं चहा बशीत ओतला, थबकले, मग बशी माझ्याकडे सरकवली. पलीकडे तेच रिटायर कंडक्टर. त्यांना कालची सगळी हकीकत कळलेली होती, तरी त्यांनी बाबांना नेहमीचाच प्रश्न केला.

"काय मंग, पोरगा अजून सुट्टीवरच?"

बाबांनी कपातला उरलेला घोट घेतला. रुमालानं मिशी पुसली.

"नाई. आता थो इथंच राह्यते," बाबा म्हणाले. "तिकडं लोकायच्या चुका शोधे. आता स्वतःच्याच करते, म्हून शोधायले जा लागत नाई."